वहिनींचं उताणं पातेलं

या, असे पुढे सरकून बसा. दारात घुटमळणारी मंडळीही आत या. आजची गोष्ट लांबून ऐकण्यासारखी नाही. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही. एक निवृत्त शिक्षिका आहे, तिची भावजय आहे, काड्यांचं एक घरटं आहे आणि एक पातेलं आहे. एवढ्याशा सामानात देवानं एका अख्ख्या गावाचा गुंता कसा सोडवला, ते सांगतो. शेवटी तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे, हेही आत्ताच सांगून ठेवतो. पैशाचं नाही, घाबरू नका.

तर त्या गावाच्या जुन्या शाळेच्या पटांगणात, एका कोपऱ्यात, तारेच्या कुंपणाच्या आत पावसाचं माप होतं. जेमतेम गुडघ्याएवढं उंच. वर नरसाळं, खाली पत्र्याचं नळकांडं, त्याच्या पोटात एक बाटली. पावसानं नरसाळ्यात पडावं, बाटलीत उतरावं. आणि रोज सकाळी साडेआठ वाजता कुणीतरी ती बाटली काचेच्या मोजपात्रात ओतून किती मिलिमीटर पडला ते वहीत लिहावं आणि जिल्ह्याच्या कचेरीला फोन करून कळवावं. हे 'कुणीतरी' सव्वीस वर्षं एकच होतं. गाव त्यांना बाई म्हणे. शाळेत होत्या तेव्हाही बाई, निवृत्त झाल्यावरही बाई. सख्खा धाकटा भाऊसुद्धा त्यांना बाईच म्हणायचा, कारण त्याच शाळेत तो त्यांच्याच वर्गात बसला होता आणि गणितात एकदा त्यांनीच त्याला नापास केलं होतं.

फाटकाची किल्ली बाईंच्या गळ्यातल्या दोऱ्यात असायची. मोजपात्र जुन्या टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून त्या जायच्या. अंगात ताप असला तरी जायच्या. आणि सव्वीस वर्षांत त्या वहीत एकाही आकड्यावर खाडाखोड नव्हती. माणूस कितीही देवभोळा असला तरी कशाचा तरी गर्व त्याच्या मनात बिऱ्हाड करून असतोच. कुणाला जमिनीचा, कुणाला गळ्याचा. बाईंना त्या वहीचा होता.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. भावाच्या घरात राहायच्या. भाऊ मितभाषी, त्याच्या वाटचं सगळं बोलणं देवानं वहिनींना दिलं होतं. वहिनी अंगानं गोल, जिभेनं चपळ, आणि कामाला अशी की घासलेल्या भांड्यात तोंड बघून घ्यावं. नणंद-भावजयीचं एरवी गूळपीठ. भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, पण ते रोज व्हायचं.

"अगं, घासलेलं भांडं पालथं घालावं," बाई म्हणायच्या. "धूळ बसते, पाल फिरते."

"वन्सं, पालथ्या भांड्याला पोटात वास मारतो. उताणं ठेवलं की ऊन आत जातं."

"मी तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी आहे."

"म्हणून काय ऊन तुमचं ऐकणार आहे?"

पंधरा वर्षं हे चाललं होतं. अंगणातल्या धुण्याच्या दगडावर वहिनींची भांडी उताणी, आणि बाई येता-जाता ती पालथी घालणार. कुंपणापलीकडे लोहाराचं घर, तो भात्यावर बसल्या बसल्या ऐकायचा आणि म्हणायचा, "झालं सुरू! आता घड्याळ लावून घ्या."

आता घरट्याकडे येऊ. त्या वर्षी उन्हाळा कडक होता. दोन महिने आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. बाई रोज जायच्या, वहीत शून्य लिहायच्या. अशातच एका सकाळी त्यांना नरसाळ्यात काड्या दिसल्या. काड्यांत मऊ पिसं, आणि पिसांत तीन अंडी, शेंगदाण्याएवढी. एक चिमुकलं पाखरू कुंपणाच्या तारेवर बसून त्यांच्याकडे बघत होतं. ओरडलंसुद्धा नाही, नुसतं बघत होतं.

बाईंचा हात पुढे गेला आणि तिथेच थांबला. पाऊस यायला अजून कितीतरी अवकाश. देवानं ज्याला जागा दिली त्याला आपण कोण उठवणार? त्यांनी हात मागे घेतला आणि फाटक हळूच लावलं. त्यानंतर रोज त्या फाटकातूनच बघायच्या आणि शून्य लिहायच्या. अंडी फुटली, लाल चोची उघडल्या, पंख फुटले. मग एका सकाळी घरटं रिकामं होतं, आणि तिन्ही पोरं समोरच्या झाडावर धडपडत होती. बाईंचे डोळे भरून आले. घरटं काढायला हवं, हे त्यांना कळत होतं. पण रिकामं झालं म्हणून लगेच मोडायचं? त्यांच्या मनाला ते पटेना. उद्या काढू, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणाल्या. असे चार उद्या गेले.

आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी, काही एक कारण नसताना, आभाळ फाटलं.

अडीच तास पडला. वेळेचा पाऊस येतो तसा हा आला नाही; सांगून सवरून नाही, चोरासारखा आला आणि दरोडेखोरासारखा वागला. काढलेला कांदा शेतात वाळत पसरलेला होता, तो वाहत ओढ्यात गेला. टोमॅटोचे मांडव तारांसकट आडवे झाले. बाईंच्या भावाचे अडीच एकर टोमॅटो, उद्या-परवा तोडायला आलेले, चिखलात तोंड घालून पडले. सकाळी तो बांधावर उभा राहिला आणि नेहमीसारखाच काही बोलला नाही. पण त्या दिवशीच्या त्याच्या गप्प राहण्याकडे बघवत नव्हतं.

साडेआठला बाई मापापाशी गेल्या. नरसाळ्यात घरटं भिजून फुगून बुचासारखं बसलं होतं. त्याच्यावर काठोकाठ पाणी, आणि नळकांड्याच्या बाहेरून सगळीकडे ओघळ. पाणी आत जायच्याऐवजी काठावरून वाहून गेलं होतं. आतल्या बाटलीत जे झिरपलं होतं ते त्यांनी मोजलं. अडतीस.

अडतीस! ज्या पावसानं ओढ्याची वाट बदलली तो पाऊस अडतीस मिलिमीटर!

वहीत आकड्याशेजारी एक रकाना असतो, शेऱ्याचा. माप बिघडलं, कलंडलं, तुंबलं, तर तिथे लिहायचं. बाईंनी पेन उचललं. 'नरसाळ्यात घरटं होतं, ते मी काढलं नाही,' एवढं एकच वाक्य. पण सव्वीस वर्षांच्या त्या स्वच्छ वहीत ते वाक्य उतरेना. त्यांनी अडतीस लिहिलं, शेऱ्याची जागा कोरी ठेवली, घरटं काढून झाडाच्या बुंध्याशी ठेवलं आणि फोन केला. पलीकडच्या माणसानं "अडतीस, बरं" म्हणून ठेवून दिला.

आठवड्याभरात सरकारची मदत जाहीर झाली. नुकसान इतकं पसरलेलं होतं की शेत न् शेत बघायला माणसं कुठून आणणार? म्हणून नियम सोपा केला. ज्या गावाच्या मापावर त्या दिवशी सत्तर मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला असेल, त्या गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याला मदत, थेट बँकेच्या खात्यात. नवीन रोपं, खुंट्या, तार, खत यांचा खर्च निघेल एवढी. तीन आठवड्यांत रोपं लावली तर हंगाम सापडत होता. नाही तर वर्ष कोरडं.

कचेरीच्या भिंतीवर गावांची यादी लागली. शेजारचं गाव होतं. त्याच्या पलीकडचंही होतं. हे गाव नव्हतं.

मग सगळं गाव बाईंच्या अंगणात.

"बाई, अडतीस?" गवंडी म्हणाला. त्याची अर्धा एकर भाजी गेली होती, आणि बांधत असलेल्या घराची ओली भिंतही. "अहो, अडतीसात टोपी भिजते. माझी भिंत पडली!"

किराणा दुकानदार जवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, अडतीसच्या आधी एक उभी काडी मारा. एकच. एकशे अडतीस. कोण बघतंय?"

"वही माझी नाही," बाई म्हणाल्या. "वहीत जे बाटलीत होतं तेच लिहायचं असतं. मी आकडा बदलणार नाही."

लोक गेले, पण कुणी "येतो" म्हणालं नाही. बाई आत वळल्या तर वहिनी दारातच उभ्या होत्या.

"वन्सं, एक विचारू? पाऊस खरंच पडला ना?"

"पडला."

"अडतीसपेक्षा जास्त पडला ना?"

बाई गळ्यातला किल्लीचा दोरा चाचपू लागल्या.

"मग कुणाच्या घरावर दरवडा घालतोय का आपण? सख्ख्या भावाचं शेत चिखलात गेलं, आणि तुम्हाला वहीची पडलीये!"

त्या दिवसापासून वहिनींनी बोलणं सोडलं. म्हणजे बाईंशी सोडलं. घरात निरोप भावामार्फत जायचे, तेही दोघी समोरासमोर बसलेल्या असताना.

"त्यांना सांगा, चहा झालाय."

"तिला सांग, ऐकलं मी."

"त्यांना सांगा, ऐकलं असेल तर निवायच्या आत प्या म्हणावं."

भाऊ एकदा इकडे बघायचा, एकदा तिकडे, आणि स्वतःचा चहा पिऊन शेतात निघून जायचा.

बाई रोज पहाटे देवापुढे बसायच्या. पण त्या दिवसांत हात जोडले की हात जड व्हायचे. आकडा बदलला नाही म्हणून त्या स्वतःला खरं समजत होत्या. आणि कोरा शेरा आतून विचारत होता, हे कसलं खरं? खोटं लिहिलं नाहीस, पण खरं लपवलंस ना? तिसऱ्या पहाटे त्या देवापुढून उठल्या, गवंड्याला, लोहाराला, दुकानदाराला, ज्याला त्याला शाळेच्या वर्गात बोलावलं आणि फळ्यापुढे उभं राहून, जिथे आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या तिथे, आपली चूक सांगितली. घरटं, अंडी, चार उद्या, कोरा शेरा. सगळं.

मग मागून वहिनींचा आवाज आला. बोलणं सोडल्याचं त्या एवढ्यापुरतं विसरल्या होत्या.

"पाखराच्या पोरांची दया आली, माणसांच्या पोरांची नाही आली?"

बाईंनी मान खाली घातली. "आली असती तर घरटं चार दिवस आधी काढलं असतं," त्या म्हणाल्या. "मी उद्याच जिल्ह्याला जाते. जे तुम्हाला सांगितलं तेच तिथे सांगते."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, पहिल्या बसनं त्या निघाल्या. पावसाच्या नोंदींची खोली तिसऱ्या मजल्यावर. एक जाडजूड साहेब, चष्मा कपाळावर चढवलेला, टेबलावर वह्यांचे ढीग. त्यानं सगळं ऐकून घेतलं. बाईंना वाटलं, आता हा ओरडेल. तो हसला.

"बाई, बसा. घरटं म्हणजे काहीच नाही. एका गावात नरसाळ्यात कुणीतरी चप्पल वाळत घातली होती. आकडा मला बदलता येत नाही. पण माप तुंबलं होतं असं लेखी दिलंत, तर दुसऱ्या भांड्यांवरून पाऊस ठरवता येतो."

"दुसऱ्या कुठल्या भांड्यांवरून?"

"गावात त्या संध्याकाळी उघड्यावर राहिलेली भांडी. पण अटी आहेत." साहेबानं बोटं दुमडायला सुरुवात केली. "झाडाखाली किंवा वळचणीखाली नको. भिंती सरळ हव्यात, तोंड लहान आणि पोट मोठं असलं भांडं चालणार नाही. पावसाआधी रिकामं असायला हवं. भरून वाहिलेलं नको. अशी निदान तीन भांडी, साक्षीदारांसकट. शुक्रवारी मी स्वतः येतो, कारण शुक्रवारी दुपारनंतर यादी बंद."

"पावसाला अकरा दिवस झाले, साहेब. पाणी कुणी ठेवलं असेल?"

"ते मला नाही ठाऊक. गाव तुमचं आहे."

बुधवारी सकाळी बाई निघाल्या. हातात शाळेतली लाकडी फूटपट्टी. मंडळी, ज्या दारांनी त्यांना इतके दिवस पाठ दाखवली त्याच दारांवर त्या गेल्या. आणि गाव तरी कसं! रागावलेलं असलं तरी भांडी दाखवायला घराघरांतून धावत आलं.

"बाई, ही बादली. कंबरेएवढं पाणी आलं होतं हिच्यात!"

"बादली गुडघ्याएवढी आहे, त्यात कंबरेएवढं पाणी कसं येईल? कुठे ठेवली होती?"

"पन्हळीखाली."

"मग हा पाऊस नाही, हे तुझं छप्पर आहे. पुढचं."

दूधवाल्यानं आपला कॅन आणला. बाईंनी त्याच्या गळ्यावर फूटपट्टी ठेवली, मग पोटावर ठेवली आणि मान हलवली. कुणी टब आणला, तो कलंडलेला होता. कुणी परात आणली, ती दोन बोटं खोल. ती तर पहिल्या अर्ध्या तासातच भरून वाहिली असणार. दुकानदारानं प्लास्टिकचा डबा आणला, त्यात निम्म्यावर पाणी.

"हे त्या दिवशीचं?"

"हो बाई, जसंच्या तसं."

बाईंनी बोट बुडवून बघितलं. "मग हे थंडगार कसं? आत्ताच माठातून ओतलंस ना?"

दुकानदार कान धरून हसला. वर्गात पकडल्यावर हसायचा तसाच.

पहिलं खरं भांडं गवंड्याकडे सापडलं. छप्पर नसलेल्या नव्या खोलीत नवं कोरं सरळ पिंप, भिंतीवर मारायचं पाणी साठवायला आणलेलं. पावसाच्या आदल्या दिवशीच आणलं होतं, अजून भरलंही नव्हतं. भिंत पडल्यावर काम थांबलं, आणि डास होतील म्हणून दुसऱ्या सकाळी त्यानं त्यावर पत्रा टाकला होता. बाईंनी फूटपट्टी उभी धरली.

"एकशे एकोणीस."

"म्हणजे सत्तरच्या वर?"

"गणित माझ्याकडेच शिकलास ना?" बाई म्हणाल्या, आणि दोघांनाही एकदम हसू आलं.

दुसरं लोहाराकडे. तापलेलं लोखंड बुडवायचं त्याचं चौकोनी टाकं, त्या दुपारी त्यानं खरवडून धुऊन अंगणात सुकायला ठेवलं होतं. कोळसा भिजल्यामुळे भट्टी पेटलीच नव्हती, म्हणून टाक्याला हात लागला नव्हता. पाणी उन्हानं बरंच आटलं होतं. पण टाक्याच्या भिंतीवर, पाणी जिथपर्यंत चढलं होतं तिथे, काजळीची काळी रेघ चारी बाजूंनी ठसठशीत उमटलेली. त्या रेघेपर्यंत एकशे सोळा.

तिसरं मिळेना. गुरुवार संपत आला. बाईंनी सगळं गाव पालथं घातलं. पायांना गोळे आले, आवाज बसला, पण तिसरं भांडं मिळालं नाही. दिवेलागणीला त्या घरी येऊन भिंतीला टेकल्या. भाऊ जेवायला बसला होता, वहिनी वाढत होत्या.

"काय झालं?" भावानं विचारलं.

"दोन मिळाली. तिसरं नाही." बाई डोळे मिटूनच बोलत होत्या. "सरळ भिंतीचं, उघड्यावर ठेवलेलं, आधी रिकामं असलेलं एक भांडं. एवढ्या मोठ्या गावात एक भांडं नाही. उद्या दुपारी यादी बंद."

वहिनींच्या हातातली पळी हवेतच थांबली.

"अहो, त्यांना सांगा..." त्या म्हणाल्या, आणि मग नवरा मध्ये आहे हे विसरूनच गेल्या. "वन्सं! माझं मोठं पातेलं!"

बाईंनी डोळे उघडले. "कुठलं?"

"ते सरळ काठाचं हो! त्या संध्याकाळी घासून दगडावर ठेवलं होतं. तुम्ही देवळात गेला होतात, तिथेच पावसात अडकलात. सकाळी बघितलं तर त्यात पाणी."

"पण ते पालथं..."

"कुठलं पालथं! उताणं! रोजच्यासारखं उताणं!" वहिनींनी कपाळावर हात मारला. "तुम्ही मापापाशी गेलात तेव्हाच मी ते ओतून ठेवलं. म्हटलं, आल्या की पुन्हा तेच व्याख्यान."

"ओतलंस?" बाई पुन्हा भिंतीला टेकल्या. "मग संपलं."

"संपतंय कशानं? आभाळातलं स्वच्छ पाणी बॅटरीत घालायला चांगलं, हे तुमचा भाऊच सांगतो ना? दोन कॅन भरले, वर दोन बाटल्या. झाकणं लावून कोठीत ठेवलीत."

भाऊ जेवता जेवता उठला. मंडळी, त्या माणसाला कुणी पळताना बघितलं नव्हतं. त्या संध्याकाळी तो कोठीपर्यंत पळाला. परत आला तेव्हा दोन्ही हातांत एकेक कॅन, बगलेत बाटली.

"एकच बाटली?" वहिनी म्हणाल्या.

"एक परवा दुकानदाराला दिली. त्याची बॅटरी कोरडी पडली होती."

"हात लावू नका आता कशाला," बाई म्हणाल्या. "उद्या साहेबांसमोर." आणि पावसानंतर पहिल्यांदा त्या मनमोकळं हसल्या, असं हसल्या की ठसका लागला, आणि पाण्याचा पेला कुणामार्फत न पाठवता वहिनींनी स्वतःच त्यांच्या ओठांना लावला.

शुक्रवारी साहेब आला. आधी गवंड्याचं पिंप, मग लोहाराचं टाकं. त्यानं आपल्या पोलादी पट्टीनं मोजलं. आकडे तेच आले. मग बाईंच्या अंगणात. धुण्याच्या दगडावर पातेलं ठेवलं, भावानं थेंब न सांडता दोन्ही कॅन आणि बाटली त्यात रिकामी केली. साहेबानं पट्टी बुडवली.

"एकशे आठ."

"अजून एक बाटली होती साहेब," दुकानदार पुढे आला. "माझ्या बॅटरीत गेली. एका बाटलीनं साधारण बोटाच्या नखाएवढं चढलं असतं. एकशे अठरा धरा की!"

"नाही," बाई म्हणाल्या. "बाटली दिली होती एवढं लिहा. आकडा एकशे आठच लिहा. जे समोर आहे तेवढंच."

साहेबानं चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं आणि एकशे आठ लिहिलं. मग वहिनींकडे वळला. "पातेलं आधी रिकामं होतं कशावरून?"

"साहेब, घासलेलं भांडं भरलेलं असतं का कुठे?"

"बरं. पण पाऊस आला तेव्हा ते उताणंच होतं, ह्याला साक्ष काय? घासलेली भांडी लोक पालथी घालतात. सगळं ह्याच्यावर अडलंय."

वहिनींची जीभ जन्मात पहिल्यांदा अडखळली. पाऊस आला तेव्हा घरात त्या एकट्याच होत्या. दुपार व्हायला तासभर उरला होता.

"साक्ष मी देते," बाई म्हणाल्या. "मी त्या वेळी घरात नव्हते. पण मी घरात नसले की ह्या घरातलं एकही भांडं पालथं राहत नाही. पंधरा वर्षं मी हिच्याशी ह्यावरून भांडते आहे. मी मोठी, मी शिकलेली, मी शहाणी, आणि हिनं माझं एकदाही ऐकलं नाही."

"रोज भांडतात, साहेब!" लोहार कुंपणावरून ओरडला. "सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा! माझं सगळं घर साक्षीला!"

"आम्हालाही ठाऊक आहे!" गवंडी म्हणाला. मग चारी बाजूंनी आवाज. अख्ख्या गावाला ते भांडण तोंडपाठ होतं. कुणी बाईंची नक्कल केली, कुणी वहिनींची, "म्हणून काय ऊन तुमचं ऐकणार आहे?" हे तर चौघं एका सुरात म्हणाले. साहेब पोट धरून हसला आणि हसता हसता लिहीत राहिला. खाली बारा सह्या झाल्या.

मग त्यानं मापाची वही पुढे केली. "बाई, आता तुमचं काम."

बाईंनी पेन घेतलं. त्या दिवसाच्या ओळीवर, कोऱ्या शेऱ्यात, लाल शाईनं त्यांनी लिहिलं: 'नरसाळ्यात पाखराचं घरटं होतं. मी वेळेवर काढलं नाही. त्या दिवशी हे लिहिलंही नाही.' खाली सही केली. त्या स्वच्छ वहीत पहिल्यांदा लाल अक्षरं उमटली, आणि नवल असं की बाईंचे हात हलके झाले.

"किल्ली परत घेता ना?" त्यांनी गळ्यातला दोरा काढला.

"किल्ली ठेवा," साहेब म्हणाला. "मात्र ह्यापुढे माप बघायला दोन माणसं हवीत. दुसरं कोण?"

कुणी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाल्या, "मी. ह्यांना पाखरं दिसली की ह्या विरघळतात. मी काड्या बघेन."

पुढच्या आठवड्यात, दुपारी, गाव रोपवाटिकेच्या दारात रांगेत उभं असताना, एकाचा फोन वाजला, मग दुसऱ्याचा, मग सगळ्यांचेच. खिशाखिशांतून चिवचिवाट सुरू झाला. बाईंच्या भावानं आपला फोन काढून, खात्यात मदत जमा झाल्याचा संदेश दोनदा वाचला, बहिणीला दाखवला, आणि तो माणूस, ज्याच्या वाटचं बोलणं देवानं बायकोला दिलं होतं, मोठ्यानं म्हणाला, "चला, रोपं उचला! ऊन चढतंय!" तीन आठवडे सरायच्या आत शेतात पुन्हा खुंट्या उभ्या होत्या आणि तारांवर हिरवी पोरं चढू लागली होती.

मापाच्या कुंपणाशेजारी आता लोहारानं ठोकलेला एक खांब आहे, त्यावर गवंड्यानं केलेली लाकडी पेटी. पाखरांना तिथे रीतसर घर दिलंय. रोज सकाळी साडेआठला नणंद-भावजय जोडीनं जातात. एक मोजते, एक नरसाळ्यात डोकावते, आणि वाटेत दोघी भांडतात. बाई अजूनही म्हणतात की घासलेलं भांडं पालथंच घालावं. पण अंगणातल्या त्या एका पातेल्याला त्या आता हात लावत नाहीत.

तर आता माझं मागणं. बाईंचं नाव गावात निघतंच; खरं बोलणाऱ्याची आठवण लोक ठेवतात. तुम्ही त्या वहिनींची आठवण ठेवा. घरी जाल, मोरीशी एखादं भांडं कुणी उताणं ठेवलेलं दिसेल, तुमच्या तोंडावर बोलणं येईल. बोला, पण त्याआधी एक क्षण थांबा आणि त्यांची आठवण काढा.